तेलाच्या डागातून दिसणारं पान

गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी एक वाचनालय होतं. जिन्याखालची जागा, तीन लाकडी कपाटं, एक स्टूल आणि स्टुलावर काका. अनामत पाच रुपये, पुस्तकाचं भाडं रोजचं. पुस्तक परत आलं की काका ते उजेडाकडे धरून पानं अंगठ्याखालून फर्रकन सोडायचे. पान दुमडलेलं असलं तर चालायचं, शिवण उसवली तर स्वतः दाभण घेऊन बसायचे. तेलाचा डाग दिसला की मात्र चार आणे दंड. "वडा खा नाहीतर खून वाच," म्हणायचे, "दोन्ही एकदम कशाला?"

दोन्ही एकदम कशाला, याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. चार आणे पुष्कळदा दिले.

साल 1984. मी तेरा वर्षांची. शाळा साडेपाचला सुटायची, आई सातला यायची, अण्णा आठनंतर. मधला दीड तास माझा. नाक्यावरच्या गाडीवरून वडापाव घ्यायचा आणि वाडीतल्या मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं, कारण तिथे मावळतीचा उजेड सर्वांत उशिरापर्यंत टिकायचा. उजव्या हातात वडापाव, डाव्या हातात पुस्तक, पान उलटायचं तेही डाव्याच अंगठ्याने. हा नियम मी कसोशीने पाळायचे. पण बंगल्यातले दिवे गेले, कुणीतरी दाराची कडी हळूच सरकवली, की उजवा हात आपोआप पुढे यायचा. डाग पडायचा तो नेमका तिथे.

माझ्याआधीच्या लोकांचंही तेच झालेलं असायचं. दोन-तीन वर्षांत मला ते डाग वाचता यायला लागले. पिवळट, कडेला गडद होत गेलेला डाग बटाटेवड्याचा. लालसर आणि मधोमध मसाल्याचा कण रुतून बसलेला असला तर तो मिसळीच्या कटाचा, म्हणजे वाचणारा हॉटेलात टेबलाशी बसला होता, त्याच्यापाशी वेळ होता. तपकिरी वळं चहाच्या ग्लासाचं. भजीचे डाग लहान आणि ओळीने पडलेले, कारण भजी माणूस एकेक उचलतो. कधी काळा अंगठा उमटलेला असायचा, तो छापखान्यातल्या मशीनवाल्याचा. आमच्या भागात ते पुष्कळ होते. आणि हे डाग पुस्तकभर सारखे नसत. पहिल्या आठ-दहा पानांत जवळजवळ नाहीत. प्रेत सापडलं की सुरू. मग जबाब, उलटतपासणी, पाठलाग, इथे पानंच्या पानं तेलाने पारदर्शक झालेली. शेवटचं प्रकरण पुन्हा कोरं. तिथवर पोचता पोचता प्रत्येकाने खाणं संपवलेलं असायचं, किंवा हातातला घास हातातच राहिलेला असायचा. त्या कोऱ्या पानांकडे बघून मला फार बरं वाटायचं. ओळखपाळख नसलेली कितीतरी माणसं माझ्यासारखीच त्या वळणावर थांबली होती.

अण्णा जुळारी होते. ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. हा धंदा आता कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही म्हणून थोडं सांगते. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेलं एकेक अक्षर म्हणजे खिळा. लाकडी केसमध्ये खण पाडलेले, प्रत्येक खणात एक अक्षर. इंग्रजी जुळवणाऱ्याचं थोडक्यात भागतं. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळ्यांना घर लागतं, त्यामुळे मराठी जुळाऱ्याच्या पुढ्यात खणांचा मोठा पसारा असायचा आणि हात त्यावरून न बघता फिरायचा. डाव्या हातात स्टिक. तिच्यात ओळ भरत जायची, पण ती ओळ डोक्यावर उभी आणि आरशात बघावी तशी उलटी. अण्णा ती सरळ वाचायचे. स्टिक भरली की ओळी गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, उतरवायच्या. छापून झालं की फर्मा, म्हणजे छपाईसाठी चौकटीत आवळून बांधलेले खिळे, रॉकेलने पुसायचा आणि खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. सकाळी ज्या खिळ्यांनी लग्नपत्रिका छापली, त्यांनीच दुपारी खून व्हायचा. गणपतीच्या आधी वर्गणीच्या पावत्या निघायच्या, त्यातही तेच खिळे.

रहस्यकथांचं काम कायम घाईचं. महिन्याचा संच वेळेवर बाहेर पडला पाहिजे म्हणून एकाच कथेची हस्तलिखित पानं दोघा-तिघांत वाटून दिली जायची. अण्णांच्या वाट्याला बहुधा मधला भाग. त्यावर कथेचं नाव नाही, लेखकाचं नाही, पात्रं कोण कुठली ते ठाऊक नाही. रात्री जेवताना अण्णा सांगायचे, "आज एक माणूस माडीवर चढलाय. हातात हिरवा रुमाल आहे."

"मग?" आई विचारायची.

"मग शेजारच्याच्या गॅलीत."

आई रागावायची. मी हट्ट धरायचे की उद्या शेजारच्याला विचारून या. अण्णा म्हणायचे, त्याला तरी कुठे ठाऊक असतं, तो अक्षरं बघतो, गोष्ट कुठे बघतो. नऊ तास अक्षरं बघितल्यावर घरी येऊन पुस्तक उघडायची त्यांच्यात ताकद नसायची. हिरवा रुमाल आमच्या घरात बरेच दिवस राहिला. काही हरवलं की आई म्हणायची, "हिरव्या रुमालवाल्याने नेलं असेल."

एक गोष्ट मात्र अण्णांना पक्की ठाऊक होती: खुनाच्या गोष्टीत कुठली अक्षरं संपतात. 'ध' सगळ्यांत आधी. अंधार, शोध, धाड, धमकी, अपराधी, संधी, वध, सावध, धाप. 'ध'चा खण दुपारपर्यंत रिकामा व्हायचा आणि मग छापून झालेल्या जुन्या फर्म्यातून 'ध' उपसून आणायचे. उद्गारचिन्हांचंही तसंच. एरवी वर्षभर पुरणारी चिन्हं एका रहस्यकथेत खलास. कथा कशी लिहिली जाते हे मला पुढे शाळा-कॉलेजात शिकवलं गेलं, पण कथेचं वजन कुठे पडतं हे मी पहिल्यांदा त्या रिकाम्या खणावरून शिकले.

लालबागचे माझे मामा गिरणीत होते. वाचायची गोडी मला लागली ती त्यांच्यामुळे. पाळी सुटली की वडापाव घ्यायचा, एका हातात पुस्तक धरायचं आणि चालत घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता. चालताना वाचतात, धडकतील कुठेतरी, म्हणून मामी ओरडायची. वडापावचा जन्म 1966 च्या सुमाराचा, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असं मानलं जातं. त्याच्या कितीतरी आधीपासून बाबुराव अर्नाळकर लिहीत होते. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू यांना ओळखत नाही असा माणूस मामांच्या चाळीत नव्हता. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. त्यांचा कॅप्टन दीप आमच्या वाचनालयात कधी जागेवर सापडायचाच नाही. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास किंवा फिरोज इराणी हवा असला तर आधी नाव नोंदवून ठेवायला लागायचं.

या पुस्तकांना शाळेत सवंग म्हणायचे. आमच्या एका बाईंनी माझ्या दप्तरातली रहस्यकथा वर्गात उंच धरून दाखवली होती, अगदी काकांसारखी उजेडाकडे. त्यांना डाग दिसले, दुसरं काही दिसलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, माझ्यासाठी कमी आणि मामांसाठी जास्त. आठ तास मागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला पुस्तकात ओढून घेणं, कान बधिर झालेले असताना त्याला दाराची कडी वाजल्याचं ऐकू येईल असं वाक्य लिहिणं, आणि ते महिन्याला अनेकदा करणं, याला हात लागतो. ज्याच्यापाशी वीस मिनिटं आणि खिशात सुट्टे पैसे आहेत त्याच्यासाठी काहीतरी गरम आणि पोटभर बनवणं हे काम हलकं असतं, असं मी कधीच मानलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात होती. त्या संपाचं काय झालं ते मुंबईला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी मामांनी वड्याची गाडी लावली. लालबाग-परळला तेव्हा अशा कितीतरी गाड्या लागल्या. मामांचा हात पहिल्या महिन्यातच बसला. घाणा काढताना ते बोलायचे नाहीत. पिठाचा एक थेंब तेलात टाकून तो किती वेळात वर येतो ते बघायचे, मग वडे सोडायचे. झाऱ्याने एकदाच उलटायचे. कढईत तळाशी राहिलेला बेसनाचा चुरा पोरांसाठी वेगळा ठेवायचे आणि सुकी चटणी मामी घरी कुटायची, लसूण जास्त, खोबरं बेताचं. पुडीसाठी रद्दी लागायची. रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात जुन्या रहस्यकथा असायच्या, पानं पुडीच्या मापाचीच. मामांनी त्या कधी फाडल्या नाहीत. बाजूला काढून फळीखाली ठेवायचे. म्हणायचे, "अर्धी गोष्ट कुणाच्या हातात द्यायची नाही. माणूस घरी जाऊन तळमळत बसेल." वर्तमानपत्र मात्र खुशाल फाडायचे.

एका शनिवारी मी मामांच्या गाडीमागे लाकडी खोक्यावर बसून शेरलॉक होम्सचा मराठी अनुवाद वाचत होते. 'सिल्व्हर ब्लेझ' नावाच्या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट, मूळ 1892 ची. घोडा गायब होतो, त्याच्या शिक्षकाचं प्रेत माळावर सापडतं. तबेल्यात पहाऱ्यावर असलेल्या पोराला त्या रात्री अफू देऊन झोपवलेलं असतं, आणि अफू असते त्याच्या जेवणात. जेवण काय, तर मसाल्याचं मटण. सगळ्यांचा संशय एका बाहेरच्या माणसावर. होम्स त्या मटणापाशी थांबतो. अफूच्या भुकटीला चव असते. साध्या जेवणात ती लगेच कळली असती. मसालेदार रश्श्यात ती लपली. आता त्या रात्री त्या घरात मसाल्याचं मटण शिजणार हे बाहेरच्याने कसं ठरवलं असेल? ते ठरवू शकतो तो घरातलाच. कुत्रा भुंकला नाही ही त्याच गोष्टीतली खूण जगभर गाजली. मला मात्र ती रश्श्याची खूणच मोठी वाटते. घोडा, शर्यत, पैजा, सरदार-दरकदार यांचा एवढा पसारा मांडल्यावर एक माणूस विचारतो की स्वयंपाक काय करायचा हे त्या दिवशी कुणी ठरवलं.

मी हातातल्या वड्याकडे बघितलं. वरची लसणाची चटणी नाकात जात होती. या चटणीखाली काय वाट्टेल ते लपेल, असा विचार आला आणि मी दुसरा घास आणखी मोठा घेतला. भीती वाटली नाही. उलट भूक वाढली.

तेलाच्या डागाची आणखी एक गंमत त्याच वर्षी सापडली. तेलाने कागद पारदर्शक होतो आणि मागच्या बाजूचा मजकूर पुढे दिसायला लागतो, उलटा, आरशातल्यासारखा. रहस्यकथांचा कागद पातळ आणि छपाई दाबून केलेली, त्यामुळे तो आणखीच स्पष्ट. मी अण्णांच्या मांडीवर बसून स्टिकमधल्या ओळी वाचायला शिकले होते. उलटी अक्षरं मला सरळ दिसायची. एका पुस्तकात शेवटून दुसऱ्या प्रकरणात माझ्याच बोटाचा डाग पडला आणि त्यातून मागच्या पानावरचं एक नाव वर आलं. खुनी कोण ते मला एक पान आधी कळलं. कुणाला खरं वाटणार नाही, पण मी पुस्तक मिटून रडले. अण्णा घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या धंद्यात हे रोजचंच. शेवट आधी हातात येतो, पण तो शेवट आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. तुला ठाऊक होतं, म्हणून रडलीस."

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात, मामांच्या गाडीवरच, मी वडापाव खाऊन पुडीचा कागद सरळ केला. हाती लागेल तो कागद वाचायची सवय होती. तेल पिऊन मऊ झालेल्या त्या तुकड्यावर चार ओळींची बातमी होती. स्टोव्हचा भडका उडून एका विवाहितेचा मृत्यू. वय बावीस. पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली आहे. बास. त्या काळात वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ही बातमी पाठ असेल. ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, सारख्याच शब्दांत यायची. गाव बदलायचं, नाव बदलायचं, वय वीस ते पंचवीसच्या मध्ये राहायचं. मी ती याआधीही वाचली असेल, पण त्या दिवशी डोक्यात तो मटणाचा रस्सा होता. मला प्रश्न पडायला लागले. घरात आणखी कोण होतं? स्टोव्हमध्ये रॉकेल कुणी भरलं होतं? सासूच्या किंवा नवऱ्याच्या हाताला स्टोव्हचा चटका एकदाही कसा बसत नाही, भडका नेहमी सुनेच्याच वेळी कसा उडतो? दार आतून बंद होतं की बाहेरून? हे सगळे प्रश्न आमच्या वाचनालयातल्या कुठल्याही पन्नास पैशांच्या गुप्तहेराने पहिल्या दोन पानांत विचारले असते. बातमीत कुणीच विचारले नव्हते.

मामांनी दुसरा वडा दिला. मला तो खाता आला नाही. हातात धरून बसले, तो गार झाला.

कागद घरी आणून मी अण्णांना दाखवला. त्यांच्या हातांना नेहमीसारखा रॉकेलचा वास होता. त्यांनी तो तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सुरुवात आहे, शेवट आहे. मधला भाग कुणी जुळवलेलाच नाही."

कायदा त्या सुमारास हलत होता. भारतीय दंडसंहितेत 498-अ हे नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम 1983 मध्ये आलं होतं, 304-ब 1986 मध्ये यायचं होतं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई जळून किंवा संशयास्पद रीतीने गेली आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाला असला, तर तो हुंडाबळी, असं तेव्हा कायद्यात लिहिलं गेलं. म्हणजे मधला भाग जुळवा, असं सरकारलाही सांगावं लागलं. त्यासाठी किती बायकांनी मोर्चे काढले, किती आई-बापांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, हे मला पुढे कळलं. तेराव्या वर्षी एवढंच कळलं होतं की खोटा खून वाचताना मला जेवण जातं आणि खरा वाचताना जात नाही.

लोक म्हणतात, गुन्ह्यांच्या गोष्टी चवीने वाचणाऱ्याचं मन मुर्दाड होतं. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. पुस्तकातलं प्रेत कुणाचंही असो, मोलकरणीचं असो की सावकाराचं, त्याच्यासाठी कुणीतरी पावसात बाहेर पडतं. जिन्यावरची माती बघतं, चहाचा कप हुंगतं, शेजाऱ्याला झोपेतून उठवून विचारतं. शंभर पानं एका मेलेल्या माणसापायी खर्च होतात. त्या भरवशावर मी जेवत होते. काकांना द्यायचं उत्तर हे होतं. आणि त्या भरवशाची सवय लागल्यामुळेच चार ओळींची बातमी माझ्या घशात अडकली. ती सवय नसती तर मी कागदाचा बोळा करून टाकला असता, सगळे टाकत होते तसा.

वाचनालय नव्वदनंतर कधीतरी बंद झालं. त्या जागी आधी व्हिडिओ कॅसेटी आल्या, मग मोबाइलचं दुकान. अण्णांचा छापखानाही गेला. ऑफसेट आलं, संगणकावर अक्षरं जुळायला लागली आणि खिळे वजनावर विकले गेले, वितळवायला. अण्णा ते बघायला गेले नाहीत. मामा जाऊन बारा वर्षं झाली, आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी.

अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोंबिवलीला माझ्याकडे असतात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी बारीक अक्षर दिसत नाही, भिंग लागतं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे. आठवड्यातून एकदा अर्धा वडा, एवढी सूट मी त्यांच्याशी घासाघीस करून ठरवली. शनिवारी संध्याकाळी स्टेशनवरून येताना एक वडापाव आणते. तो आता कोऱ्या पिशवीत मिळतो. शाईतल्या शिशामुळे आणि रसायनांमुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा 2018 चा नियम आहे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2023 च्या सप्टेंबरात तो पुन्हा बजावला. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपली बोटं बघितली. चाळीस वर्षं शिसं हाताळलेली बोटं. छापखान्यात हात घासून धुतल्याशिवाय ते कशाला शिवायचे नाहीत आणि तरीही वडापाव कागदाने धरूनच खायचे. अजून तसाच धरतात.

वडा खाताना मी त्यांना रहस्यकथा वाचून दाखवते. फोर्टच्या फुटपाथवर, दादरला, जिथे जुन्या सापडतील तिथून आणते. गेल्या महिन्यात एक मिळाली तिला कव्हर नव्हतं आणि पहिली चार पानं नव्हती. कथेचं नाव नाही, लेखक नाही, मुद्रकाचं नाव असतं ते पानही फाटलेलं. कागद चहाच्या रंगाचा झालेला. विकणाऱ्याने दहा रुपये घेतले.

तिसऱ्या शनिवारी निम्मं पुस्तक झालं होतं. मी पाणी प्यायला उठले तेव्हा अण्णांनी ते ओढून घेतलं आणि भिंग लावलं. परत आले तर पुस्तक नाकाशी आणि भिंग त्याच ओळीवर मागे-पुढे.

"हा 'ध' बघ."

मला काही दिसेना.

"याच्या वरच्या गाठीला टवका आहे. बघ, इथे 'अंधार'. आणि हा खाली, 'सावध'मधला धड आहे. पुढच्या पानावर 'शोध', तिथे पुन्हा हाच तुटका." त्यांचा आवाज बदलला होता. "हा आमच्या केसमधला. टाकून द्यायला हवा होता, मालक ओरडायचे. पण 'ध' पुरायचेच नाहीत गं."

मग त्यांनी मला पानं उलटायला लावली. तेहेतीसपासून चौसष्टपर्यंत एकेक पान भिंगाखालून नेलं. इथे ओळ सैल सोडलीय, ही मी सोडणार नाही, ही माझी नाही. इथून पुढे माझी. हे सगळं माझं. त्यांच्या बोटाला तेल होतं आणि प्रत्येक पानावर ते उमटत गेलं. काकांनी एका संध्याकाळी आठ रुपये दंड केला असता.

गोष्ट काय आहे ते आठवतं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "गोष्ट कुठली आठवणार."

मी पुढे वाचत राहिले. छप्पन्नाव्या पानावर एक माणूस बंगल्याच्या मागच्या बाजूने माडीवर चढतो. जिना करकरतो. वरच्या खोलीत दिवा आहे. तो खिशातून रुमाल काढतो. रुमाल हिरवा आहे.

मी थांबले. अण्णाही काही बोलले नाहीत. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

त्या शनिवारी आम्ही तिथेच पुस्तक मिटलं. कारण विचाराल तर दोघांनाही घाई नव्हती, आणि अंधार पडला होता. पुढच्या शनिवारी मी चौसष्टपर्यंत आले. हिरव्या रुमालाने दाराची मूठ पुसलेली होती, रुमाल जिन्यात पडलेला होता, तो कुणीतरी उचलला होता. कोणी, ते अजून सांगितलेलं नव्हतं. पासष्टाव्या पानावर छपाई थोडी वेगळी झाली. ओळी दाटल्या. तुटका 'ध' दिसेनासा झाला. शेजारच्याची गॅली सुरू झाली होती.

काल पुन्हा शनिवार होता. मी वडापाव आणला, अर्धा केला, चटणीचा भाग अण्णांकडे ठेवला. आम्ही शंभरपर्यंत आलो. शेवटची नऊ पानं उरली. ती कोरी होती, एकही डाग नाही.

अण्णांनी शेवटचा घास संपवला. पिशवीची घडी घालून बाजूला ठेवली, उठले, मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून, मनगटापर्यंत. परत येऊन खुर्चीत बसले आणि भिंग उशीखाली सरकवलं.

"हं," म्हणाले. "तुझी आई विचारायची ते वाच."